दोन प्रतींचा मेळ : इंदापूर, सुपे आणि खिशातला सातबारा

एकच माहिती दोन ठिकाणी ठेवली तर ती दोन्हीकडे सारखी कशी राहावी, हा प्रश्न संगणकाने जन्माला घातला असे आपण सहज समजतो. १९९६ साली आलेल्या पामपायलट या तळहाताएवढ्या यंत्राला एक बैठक असे. यंत्र तीत ठेवून कळ दाबली, की त्यातील पत्ते, भेटींच्या नोंदी आणि टिपणे संगणकातील नोंदींशी जुळवली जात. आज स्मार्टफोन हेच काम तारेवाचून आणि न सांगता करतो. मूळ अडचण मात्र तीच आहे. एखाद्या स्नेह्याचा पत्ता फोनमध्ये एक आणि संगणकात दुसरा असेल, तर खरा कोणता? यंत्र बहुधा नंतरची नोंद खरी मानते, नाहीतर मालकालाच विचारते. दोन्ही वस्तूंचा मालक एकच असल्याने तंटा तिथेच मिटतो.

वाङ्मयाच्या अभ्यासकांना हा तंटा 'पाठभेद' या नावाने परिचित आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती याच अडचणीतून. गंमत अशी, की पोथीचा संशोधक यंत्राच्या नेमका उलट चालतो. जी प्रत जुनी तिच्यावर त्याचा भरवसा अधिक. नंतरच्या हातांनी घातलेली भर तो संशयाने पाहतो. म्हणजे 'नंतरचे खरे' की 'आधीचे खरे' हे प्रतींकडे नुसते पाहून ठरत नाही. प्रत कोणाच्या हाती होती आणि तिच्यात बदल करण्याचा अधिकार कोणाला होता, हे आधी पाहावे लागते. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) ज्या बारामतीत आयुष्याचा मोठा काळ काढला, ती बारामती आणि तिच्या शेजारचे इंदापूर यांच्या इतिहासात हा प्रश्न पोथीचा न राहता जमिनीचा आणि कर्जाचा झाला. तेथे प्रती दोन होत्या आणि मालकही दोन होते. त्या दोघांपैकी एकाला लिहिता-वाचता येत नव्हते.

मराठीत या क्रियेला नवा शब्द शोधण्याची गरज नाही. जमाखर्चाच्या भाषेत 'मेळ' आहे, 'ताळा' आहे, 'रोजमेळ' आणि 'ताळेबंद' आहेत. पेशवाईत गावचा हिशेब कुळकर्णी ठेवी, परगण्याचा देशपांडे ठेवी, आणि वरची नोंद पुण्यास हुजूर दप्तरात असे. रोजकीर्दीतून खतावणी व्हावी, वर्षाअखेर ताळेबंद व्हावा, आणि खालच्या कागदाची वरच्या कागदाने तपासणी व्हावी, अशी ही रचना होती. ती नेहमी नीट चाले असे मुळीच नाही. पण कागद अनेक हातांत असले म्हणजे एकट्याची लबाडी अवघड होते, एवढी जाण तिच्यात होती. रयत मात्र या साखळीत नावापुरती होती. तिच्याविषयी लिहिले जाई. तिच्याजवळ लिहिलेले काही नसे.

इंग्रजी अंमल आल्यावर रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने दख्खनची मोजणी केली आणि निव्वळ उत्पन्नाच्या शेकडा ५५ हा सारा ठरवला. इंदापुरात हे दर १८३० च्या सुमारास लागू झाले. कोष्टके मोठी बारीक होती, पण ज्या कारकुनी नोंदींवर ती उभी होती त्या शेताशी जुळत नव्हत्या. बाकी थकली, सूट द्यावी लागली, लोक जमिनी टाकून निघून गेले. मग १८३५ साली गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी इंदापुरातच नव्याने आरंभ केला आणि १८३६ पासून तीस वर्षांसाठी दर बांधून दिले. मुंबई इलाख्याची पुढची सर्व मोजणी ज्या पद्धतीवर झाली, तिचा पहिला तालुका इंदापूर होय. शाळेच्या पुस्तकांत ही गोष्ट साऱ्याच्या दरांसाठी येते. मला तिच्यात अधिक महत्त्वाचा वाटतो तो सर्व्हे नंबर. त्याआधी शेत ओळखले जाई ते नावाने, वडाच्या झाडाने, शेजाऱ्याच्या बांधाने. आता शेताला एक अंक मिळाला, हद्दीला दगड मिळाला, आणि ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद तो एक गुंठा, असे माप ठरले. गावच्या वहीतले, कचेरीतले आणि नकाशातले शेत एकच आहे, हे कुणालाही न विचारता सांगता येऊ लागले. संगणकाला दोन याद्या जुळवायच्या असतील तर प्रत्येक नोंदीला न बदलणारी एक खूण लागते. ती खूण इंदापूरच्या काळ्या-मुरमाड रानात दगडावर रोवली गेली. (जमिनीचा कस ठरवण्याला तेव्हा 'प्रतबंदी' म्हणत. कस आणि नक्कल या दोन्ही अर्थांनी मराठीत 'प्रत' हा एकच शब्द चालावा, हा योगायोग असला तरी हे कागद चाळताना सारखा आठवतो.)

पण सर्व्हे नंबराने जुळली ती सरकारची सरकारशी प्रत. शेतकऱ्याचा दुसरा हिशेब सावकाराकडे होता, आणि तेथे अशी कोणतीच खूण नव्हती.

हा व्यवहार समजून घेतल्याशिवाय १८७५ समजत नाही. कर्ज घेताना शेतकरी रोख्यावर निशाणी करी. रोखा सावकाराजवळ राही. पुढे धान्य, कापूस किंवा रोकड देऊन जी फेड होई ती सावकाराच्या वहीत जमा होई किंवा न होई. रोख्याच्या पाठीवर ती क्वचितच चढे, आणि पावती मिळणे तर दुर्मीळच. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने जुना रोखा तीन वर्षांत निकामी होऊ लागला, तसा व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा करून घेण्याचा प्रघात वाढला. म्हणजे एकाच कर्जाच्या तीन नोंदी झाल्या : रोख्यातली, वहीतली आणि शेतकऱ्याच्या स्मरणातली. तिन्हींचा मेळ नाही. न्यायालयात चाले ती पहिली. दुसरी सावकाराला हवी तेव्हा निघे. तिसरीला पुरावा म्हणून किंमतच नव्हती. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली पूर्ण केला. त्यात लेखणी हाती असलेल्यांविषयी जो संताप आहे, तो या व्यवहारासमोर ठेवून वाचावा. मग तो अतिशयोक्त वाटत नाही.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाने चढलेले कापसाचे भाव युद्ध संपताच उतरले. इंदापूरची तीस वर्षांची मुदत संपून १८६७ पासून वाढीव सारा आला. सावकारांनी हात आखडता घेतला. १८७४ अखेर शिरूर तालुक्यातल्या करडे गावी सावकारांवर बहिष्कार पडला, आणि १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या गावात दंगल उसळली. हे सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज बारामती तालुक्यात आहे. दुकाने-घरे लुटली गेली आणि रोखे व वह्या जाळल्या गेल्या. लोण इंदापूर, शिरूर, हवेली आणि अहमदनगर जिल्ह्यात गेले. नंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने एक गोष्ट स्पष्ट नोंदवली आहे. जमावाचा रोख कागदांवर होता. कागद मुकाट्याने हाती दिले तेथे बहुधा माणसाला हात लागला नाही.

या जाळपोळीला अडाण्यांचा कागदावरचा राग म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. मला ते पटत नाही. जाळणाऱ्यांना कागदाचे सामर्थ्य पुरते ठाऊक होते. आपल्या कर्जाची प्रत एकच आहे, ती दुसऱ्याच्या पेटीत आहे आणि ती दुरुस्त करण्याचा कोणताही मार्ग आपल्याला नाही, हे ज्याला कळते तोच नेमकी ती प्रत शोधून काढतो.

सरकारलाही हे उमगले असावे, कारण १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात नोंदींविषयी आश्चर्य वाटावे इतका विचार आहे. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोर लिहिला गेला तरच ग्राह्य ठरला. दाव्यात नुसता शेवटचा रोखा न पाहता व्यवहार आरंभापासून तपासण्याचे कर्तव्य न्यायालयावर आले. ही तर पोथीच्या संशोधकाचीच पद्धत! आणि शेतकऱ्याला तीन हक्क मिळाले : फेडीची पावती, वर्षाचा हिशेब, आणि मागणी केल्यास पासबुक. ऋणकोच्या हाती स्वतःच्या कर्जाची प्रत असावी, हे येथे कायद्याने प्रथमच इतके उघड मान्य केले. परिणाम मर्यादित राहिला. पासबुक वाचायला अक्षरओळख हवी, आणि ते मागायला पुढच्या हंगामात त्याच सावकाराच्या दारी जायचे नाही अशी सोय हवी. दोन्ही फार थोड्यांना होती. सावकारांनीही गहाणाऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेण्याची वाट काढली.

जमिनीच्या नोंदीचे घोडे याहून पुढे गेले. मोजणीच्या वहीत सारा भरणाऱ्या खातेदाराचे नाव असे. सहहिस्सेदार, कूळ आणि गहाणदार तिच्याबाहेर राहत. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंद आली आणि तिच्याबरोबर 'फेरफार' हा शब्द घरोघरी गेला. मेळ घालण्याची अशी विचारपूर्वक केलेली रचना आपल्याकडे दुसरी क्वचितच असेल. वारस लागला, खरेदी झाली, तरी सातबारावर थेट काही लिहायचे नाही. आधी फेरफाराच्या वहीत, गाव नमुना ६ मध्ये, नोंद घालायची, चावडीवर नोटीस लावायची, संबंधितांना कळवायचे, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचे. हरकत आली तर ती ६अ मध्ये, म्हणजे निव्वळ मतभेदांसाठी राखलेल्या नमुन्यात. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की मगच मूळ कागद बदलायचा. बदलाची नोंद वेगळी आणि बदललेली स्थिती वेगळी, दोन्ही कायम. १९४७ च्या एकत्रीकरण कायद्यानंतर पुष्कळ गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हा जुना कागद नव्याशी जोडताना हाच फेरफार उपयोगी पडला.

हस्तलिखित सातबारा संगणकात गेला तेव्हा मात्र जुने दुखणे नव्याने उपटले. कुठे नावातली वेलांटी गेली, कुठे क्षेत्र भूमी अभिलेखाच्या आकारबंदाशी जुळेना. त्यावर २०१७ साली योजलेला उपाय मला फार बोलका वाटतो. त्याचे नाव चावडी वाचन. संगणकातील सातबारा गावात मोठ्याने वाचायचा आणि ज्याचे त्याने ऐकून चूक दाखवायची. यंत्राची प्रत कागदाच्या प्रतीशी जुळवायला अखेर गावाचे कानच लागले. प्रत्यक्ष दुरुस्तीसाठी जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराचा आदेश लागे, तो भाग वेगळा.

२०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि १८७९ च्या पासबुकाला जे साधले नाही ते काही अंशी घडले. माळेगाव किंवा सोमेश्वर कारखान्याला ऊस घालणारा शेतकरी आपली प्रत खिशात घेऊन हिंडतो. १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने तर प्रवाहाची दिशाच बदलली. नमुना १२ मधील पीक तलाठ्याने लिहायचे, ते शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून फोनमधून छायाचित्रासह भरू लागला. रानात नेटवर्क नसेल तर नोंद फोनमध्येच थांबते आणि नेटवर्क मिळाले की वर जाते. चूक झाली तर ४८ तासांत ती स्वतः सुधारण्याची मुभा सुधारित ॲपमध्ये मिळाली. पडताळणी मात्र तलाठ्याकडे, म्हणजे २०२४ पासून ज्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्याच्याकडे, राहिली. ज्याच्याकडे चांगला फोन नाही तो शेजाऱ्याच्या मुलाला बांधावर बोलावतो, आणि आपल्या शेतात काय उभे आहे हे पुन्हा दुसऱ्याच्या हाताने लिहिले जाते. पीक असे फोनवरून बदलता येते; नाव बदलायचे असेल, तर अर्ज घरबसल्या गेला तरी पंधरा दिवसांची नोटीस अजून लागतेच.