थकलेल्या मालिकेत जीव कसा भरायचा? ‘सीआयडी’ची गोष्ट

आज बोलू या ‘सीआयडी’बद्दल. एखादी मालिका वीस वर्षं चालली, म्हणजे ती वीस वर्षं ताजी होती असं समजू नका. ती मधेमधे थकते, आणि दर वेळी तिला कुणीतरी उठवून उभं करतं.

हिची मुळं मराठीत आहेत. निर्माते बी. पी. सिंग मुंबई दूरदर्शनच्या मुशीत घडलेले. तिथे त्यांनी ‘एक शून्य शून्य’ ही मराठी पोलीसमालिका केली. नाव पोलिसांच्या फोन नंबरावरून घेतलेलं. त्यात शिवाजी साटम होते, बँकेची नोकरी सांभाळून नाटकं करणारे. २१ जानेवारी १९९८ ला सोनी वाहिनीवर ‘सीआयडी’ सुरू झाली आणि साटम एसीपी प्रद्युम्न झाले.

रहस्यमालिका थकते कशामुळे? प्रेक्षक शहाणा होतो म्हणून. पन्नास खून पाहिले की एक्कावन्नाव्याला खुनी कोण, हे आजीसुद्धा भाजी निवडता निवडता सांगते.

यावर पहिला इलाज झाला वेगाचा. सुरुवातीला एक प्रकरण अनेकदा दोन भागांत चाले. पुढे खून, तपास आणि अटक एकाच भागात उरकू लागली. दुसरा इलाज माणसांचा. उडुपीकडचे दयानंद शेट्टी दया झाले आणि दार तोडणं ही त्यांची ओळख बनली. आदित्य श्रीवास्तव यांच्या अभिजीतला हरवलेली स्मृती दिली, म्हणजे पोलिसाच्याच आयुष्यात एक रहस्य आलं. तिसरा इलाज धाडसाचा. नोव्हेंबर २००४ मध्ये १११ मिनिटांचा एक भाग दाखवला, सगळा एकाच शॉटमध्ये, मधे कुठेही कट नाही. त्याची गिनीज बुकात नोंद झाली.

आपले बरेच श्रोते बोम्मसंद्रा, इलेक्ट्रॉनिक सिटी भागात सॉफ्टवेअरची कामं करतात. त्यांच्यासाठी एक योगायोग सांगतो. त्याच २००४ साली अमेरिकेत जेसन हगिन्स यांनी वेबसाइट तपासण्याचं ‘सेलेनियम’ हे साधन बनवलं. पुढे ते सगळ्यांना फुकट मिळू लागलं. तेव्हा ‘मर्क्युरी’ नावाच्या कंपनीची महागडी साधनं चालत. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम उतारा म्हणतात. नावातला विनोद तो हाच.

अशी साधनं काय करतात? साइटमध्ये काही नवं घातलं की जुनं बिघडलं का, ते पुन्हा पुन्हा तपासतात. लॉगिन चालतं ना? पैसे भरता येतात ना? मालिकेला असं साधन नसतं. तिथे प्रेक्षकच तपासनीस, आणि तोही फुकट!

या कसोटीवर ‘सीआयडी’ पाहा. गोष्टींची लांबी बदलली, इन्स्पेक्टर आले-गेले, पुढेपुढे कथा अतर्क्यही झाल्या. पण प्रद्युम्नची फिरणारी बोटं, दयाचा खांदा, डॉ. साळुंखेंची प्रयोगशाळा आणि एसीपींशी त्यांची कुरबुर तशीच राहिली. कथा फसली तरी लोक त्या घरात बसून राहिले.

तरी २७ ऑक्टोबर २०१८ ला १५४७ भागांनंतर मालिका बंद झाली. डिसेंबर २०२३ मध्ये फ्रेडरिक्स साकारणारे दिनेश फडणीस गेले. २१ डिसेंबर २०२४ ला मालिका परतली तेव्हा ती जागा रिकामीच होती. काही गोष्टी दुरुस्त होत नसतात.

मग एप्रिल २०२५ मध्ये खुद्द प्रद्युम्नलाच मारलं. नवे एसीपी म्हणून पार्थ समथान आले. प्रेक्षक चिडले, आणि काही काळातच साटम परतले. चर्चा भरपूर झाली, हे खरं. पण माझं मत विचाराल तर हा इलाज महाग पडतो. एकदा मेलेला माणूस परत आला की पुढच्या मरणाची भीती संपते, आणि भीती हेच तर रहस्यमालिकेचं भांडवल.

१११ मिनिटांच्या त्या भागात मालिकेने स्वतः जोखीम घेतली होती. प्रद्युम्नच्या मरणात पणाला लागला तो प्रेक्षकाचा विश्वास. नवं आणताना कुणाच्या खिशातून खर्च होतोय, एवढं बघत जा, मंडळी. तुमच्या आवडत्या मालिकेत काय बदलू नये असं वाटतं, ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.