होळकरांच्या दोन थैल्या

सन १७३४ मध्यें पहिल्या बाजीरावांनीं मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना स्वतंत्र जहागीर करून दिली. सरदाराची दौलत ही सरंजामी. तिच्या उत्पन्नांतून फौज बाळगावयाची आणि पेशव्यांच्या चाकरीस हजर राहावयाचें. गौतमाबाईंचें उत्पन्न मात्र खासगी. अशा रीतीनें होळकरांच्या घरांत दोन थैल्या झाल्या. सन १७६१ मध्यें गौतमाबाई वारल्या आणि खासगीची थैली सुनेकडे, अहल्याबाईंकडे, आली.

सून तोंवर तयार झालेली होती. सन १७५४ मध्यें कुंभेरीच्या वेढ्यांत खंडेराव पडले. त्यानंतर मल्हाररावांनीं दौलतीचें काम क्रमाक्रमानें तिच्यावर सोंपविलें. सन १७६५ मधील त्यांच्या पत्रांत, तोफखाना घेऊन ग्वाल्हेरीकडे जावें, अशी आज्ञा तिला आहे. सासऱ्यानें सुनेस बचतीवर व्याख्यान दिल्याचें कोठें आढळत नाहीं. काम अंगावर टाकलें म्हणजे दारूगोळ्याची किंमत आपोआप कळते.

माळव्यांतील वृद्ध माणसांकडून ऐकून सर जॉन माल्कम यानें सन १८२३ च्या आपल्या ग्रंथांत लिहिलें आहे कीं, बाईंच्या हातीं दोन कोटींचा संचय आला व त्यांच्या खासगीचें वार्षिक उत्पन्न चार लक्षांचें होतें. वैधव्यानंतर त्यांचें वस्त्र पांढरें असे आणि गळ्यांत एका लहानशा माळेवांचून दागिना नसे. जी बाई स्वतःवर इतकें थोडें खर्ची, तिनें काशीविश्वेश्वराचें देवालय उभारलें, गयेस विष्णुपद बांधलें, महेश्वरीं घाट बांधले. हिला कृपण म्हणणाऱ्यास कृपणता ठाऊक नाहीं. हा धर्मादाय दौलतीच्या वसुलावर न घालतां त्यांनीं खासगींतून चालविला.

पुढें हें वळण द्यावयाचें कोणास? एकुलता पुत्र मालेराव सन १७६७ मध्येंच निवर्तला. फौजेचा अधिकार बाईंनीं तुकोजी होळकरांस दिला. तुकोजी वयानें वडील, तरी बाईंस ‘मातोश्री’ म्हणत. या मायलेंकरांत तीस वर्षें अखंड सलोखा नांदला, असें माल्कम सांगतो. महेश्वर दरबारचीं बातमीपत्रें प्रसिद्ध झालीं तेव्हां चित्र पालटलें. तुकोजींनीं फौजेच्या खर्चासाठीं वारंवार पैका मागावा, बाईंनीं आधीं मुलुखाच्या वसुलाचा हिशेब पाठवा म्हणावें, आणि तक्रार पुण्यास नानांपर्यंत जावी, असा प्रकार चालला होता.

तुकोजींस उधळे ठरविणें सोपें आहे, परंतु न्याय्य नाहीं. इंग्रजांशीं झालेल्या पहिल्या युद्धांत, टिपूवरील मोहिमेंत आणि पुढें उत्तरेंत त्यांच्या फौजेचा मुक्काम वर्षानुवर्षें घरापासून दूर होता. शिपायाचा पगार तुंबला कीं तो सरदाराच्या तंबूपुढें धरणें धरून बसतो. तेथें हिशेबाची वही दाखवून भागत नाहीं. सावकाराचें व्याज तर दिवसागणिक चढतें. उलटपक्षीं, महेश्वरीं बसलेल्या बाईंनीं न मागतां थैली सैल सोडली असती, तर रयतेवर पट्टी बसविण्यावांचून दुसरा मार्ग उरला नसता. दोघांचें म्हणणें आपापल्या ठिकाणीं खरें होतें. मात्र तुकोजींस हिशेब पाठविण्याची सवय चाळिशी उलटल्यावर लावूं पाहिली गेली. सुनेस ती तरुणपणींच लागली होती.

१३ ऑगस्ट १७९५ रोजीं बाई निवर्तल्या, सन १७९७ मध्यें तुकोजी. त्यांच्या पुत्रांत लगेच कलह पेटला. मल्हारराव पुण्यास मारले गेले, महेश्वर यशवंतरावांच्या हातीं आलें आणि तेथील संचय फौजेच्या खर्चीं पडला. बाईंनीं देवस्थानांस, घाटांस व अन्नछत्रांस लावून दिलेल्या खासगीच्या नेमणुका मात्र संस्थानच्या दप्तरांत निराळ्या चालत राहिल्या. इंदूर संस्थान सन १९४८ मध्यें मध्यभारतांत विलीन झालें, आणि सन १९६२ मध्यें या धर्मादायासाठीं एक न्यास करण्यांत आला. त्याच्या नांवांत ‘खासगी’ हा शब्द आहे.