वेंगुर्ल्याचे खडक आणि अर्धे राहिलेले छायाचित्र

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापासून साधारण १५ किलोमीटर आत, अरबी समुद्रात काळ्या खडकांचा एक लहानसा समूह आहे. नकाशावर त्याचे नाव 'वेंगुर्ला रॉक्स'. येथे मनुष्यवस्ती नाही. गलबतांना सावध करणारा दीपस्तंभ तेवढा आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत समुद्री सुरयांची वीण होते अशा मोजक्या जागांमध्ये या खडकांची गणना होते. ब्रायडल्ड टर्न, रोझिएट टर्न आणि व्हाइट-चीक्ड टर्न या जातींची नावे पक्षिशास्त्रात या जागेशी जोडली गेली आहेत. तरीही दीडशे वर्षांच्या नोंदी पाहिल्या, तर या बेटाचे चित्र अर्धेच रंगलेले दिसते. त्याचे कारण समुद्रात आणि ऋतूत आहे.

सुरय हा लांब, निमुळत्या पंखांचा आणि दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी. समुद्री सुरयांचे बहुतेक आयुष्य पाण्यावर जाते. त्यांच्यातील सूटी टर्न ही जात तर एकदा उडाली की काही वर्षे जमिनीवर परतत नाही. अशा पक्ष्यांना भूमीशी बांधणारी गोष्ट एकच, ती म्हणजे अंडे. म्हणून त्यांची मोजणी करायची, त्यांचे छायाचित्र घ्यायचे, तर ते विणीच्या बेटावरच शक्य होते. वेंगुर्ल्याच्या खडकांवर ही वीण उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यात होते. नेमक्या याच काळात कोकणचा समुद्र खवळतो. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात जाण्याची प्रथा नाही. आज महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला कायद्यानेही बंदी आहे. पक्षी बेटावर असतात तेव्हा माणूस तेथे पोहोचत नाही. माणूस पोहोचतो तेव्हा पक्षी निघून गेलेले असतात.

या विसंगतीचा पहिला ठळक साक्षीदार म्हणजे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. पुढे काँग्रेसच्या स्थापनेमुळे प्रसिद्ध झालेला हा सनदी अधिकारी त्या काळी भारतातील पक्षिशास्त्राचा कणा होता. १८७५ साली 'क्लाइड' या सागरी सर्वेक्षणाच्या जहाजातून तो लक्षद्वीप आणि पश्चिम किनाऱ्याच्या सफरीवर निघाला. वेंगुर्ल्याच्या खडकांवर तो उतरला तो फेब्रुवारीत. समुद्र शांत होता आणि बेट रिकामे. मागच्या हंगामातील वाळकी अंडी आणि मृत पक्ष्यांचे अवशेष तेवढे उरले होते. त्या अवशेषांवरून येथे मोठी वसाहत भरत असली पाहिजे, हे त्याने ओळखले. या सफरीचा वृत्तान्त १८७६ साली त्याच्याच 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

ह्यूमची पद्धत बंदुकीची होती. पक्षी मारावा, कातडे भरावे, त्यावर तारीख आणि ठिकाण लिहावे. १८८५ साली त्याने आपला प्रचंड संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. परंतु त्याच सुमारास त्याच्या अनेक वर्षांच्या हस्तलिखित टिपणांची एका नोकराने सिमल्याच्या बाजारात रद्दी म्हणून विक्री केली. कातडी टिकली, ज्ञानाचा मोठा भाग गेला.

बंदुकीला पर्याय याच काळात आकार घेत होता. इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनी १८९५ साली पक्ष्यांच्या घरट्यांवरील ग्रंथ संपूर्णपणे छायाचित्रांनी सजवला. पाठोपाठ काचेच्या प्लेटा आणि जड कॅमेरा घेऊन ते स्कॉटलंडपलीकडच्या सेंट किल्डा या समुद्री पक्ष्यांच्या दूरस्थ बेटावर गेले. छायाचित्राने एक नवी शक्यता निर्माण केली. पक्षी जिवंत राहील आणि पुरावाही मिळेल.

या पुराव्याचे मोल हवाई द्वीपसमूहातील लेसान बेटावर कळून आले. तेथे सोडलेल्या सशांनी बेटावरील हिरवळ खाऊन टाकली. १९२३ साली 'टॅनेजर' मोहीम तेथे पोहोचली, तेव्हा लेसान हनीक्रीपर या लहान पक्ष्याचे तीनच जीव उरले होते. डोनाल्ड डिकी यांनी त्यांच्यातील एका गाणाऱ्या पक्ष्याचे चलच्चित्र घेतले. त्यानंतर आलेल्या वाळूच्या वादळात ते तिन्ही नाहीसे झाले. एका जातीची अखेर आणि तिचे चित्रण यांत काही दिवसांचेच अंतर होते.

वेंगुर्ल्याच्या बाबतीत ह्यूमनंतरचा महत्त्वाचा दुवा म्हणजे हुमायून अब्दुलअली. १९४० आणि १९४२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी येथील सुरयांवर आणि गुहेतील पाकोळ्यांवर लेख लिहिले. ह्यूमला केवळ अवशेषांतून दिसलेल्या वसाहतीचा अभ्यास त्यामुळे पुढे सरकला. या पाकोळ्या आपल्या लाळेचे घरटे बांधतात. पूर्व आशियात त्याचे सूप करतात, म्हणून त्याला मोठी किंमत येते. या शतकाच्या आरंभी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने या पाकोळ्यांच्या संरक्षणासाठी येथे काम केले. लांबच्या बेटावर होणारी चोरी बाहेर कोणालाच दिसत नसते. तेथे पुराव्याचे काम डोळ्यांइतकेच कॅमेऱ्यालाही करावे लागते.

मात्र कॅमेराही निरुपद्रवी नाही. थंड प्रदेशात पक्षी अंड्यावर बसतो तो ऊब देण्यासाठी. उष्णकटिबंधातील उघड्या खडकावर तो पुष्कळदा सावली देण्यासाठी बसतो. भर उन्हात खडकाचे तापमान अंड्यातील जीवाला सोसेल त्यापलीकडे सहज जाते. काही जातींचे सुरय तर पोटाची पिसे समुद्रात भिजवून आणतात आणि त्या ओलाव्याने अंडी गार राखतात. माणूस जवळ आला की सारी वसाहत एकदम हवेत उठते. उडणाऱ्या शेकडो पक्ष्यांचे ते दृश्य छायाचित्रात भव्य दिसते. परंतु त्याच क्षणी खाली शेकडो अंडी उन्हात उघडी पडलेली असतात, आणि कावळ्यांना संधी मिळालेली असते. म्हणून समुद्री पक्ष्यांच्या वसाहतीचे उत्तम छायाचित्र तेच, ज्यात पक्षी बसलेले आहेत आणि छायाचित्रकाराची चाहूल त्यांना लागलेली नाही. दूरवरचे भिंग, होडीतूनच केलेले चित्रण, बेटावरील अल्प मुक्काम आणि दुपारची वेळ टाळणे ही पथ्ये त्यातूनच आली.

लक्षद्वीपमधील पिट्टी या जेमतेम सव्वा हेक्टरच्या निर्जन बेटाच्या परिसराला २०२० साली सागरी पक्ष्यांसाठी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. वेंगुर्ल्याच्या समूहातील बर्न्ट आयलंड पक्ष्यांसाठी महत्त्वाच्या क्षेत्रांच्या यादीत आहे. मात्र यादीत नाव असणे आणि दरवर्षी मोजणी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वसाहत वाढते आहे की आटते आहे, हे सांगण्यासाठी एकाच ऋतूतील, एकाच जागेवरून घेतलेली, वर्षानुवर्षांची चित्रे समोर ठेवावी लागतात. जानेवारीतील रिकामा खडक कितीही सुंदर टिपला, तरी त्यातून जुलैतील अंड्यांची संख्या कळत नाही.

ह्यूमच्या हाती बंदूक होती, आज हाती कॅमेरा आहे. पण कातड्याला जसे तारीख आणि ठिकाण लिहिलेल्या चिठ्ठीवाचून शास्त्रीय मोल नव्हते, तसेच छायाचित्रालाही नाही. ऋतू, दिवस आणि जागा यांची नोंद असलेले साधे, धूसर छायाचित्रही पन्नास वर्षांनंतरच्या अभ्यासकाला उपयोगी पडेल. पावसाळ्यातील वेंगुर्ल्याच्या खडकांची अशी सलग मालिका जेव्हा उभी राहील, तेव्हाच १८७५ च्या फेब्रुवारीत अर्धे राहिलेले ते चित्र पूर्ण होऊ लागेल.