मेणबत्ती, मृत्युपत्र आणि भूत

दिवाळी अंकात भुतांचा विषय काढलेला पाहून घरातील वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतील, हे मला ठाऊक आहे. पण लक्ष्मीपूजनाची रात्र ही अखेर अमावास्येचीच रात्र. एरवी ज्या रात्री पोरांना एकटे मागील दारी पाठवायला आई कचरते, त्याच रात्री आपण पणत्या लावून अंगणात हसतखिदळत बसतो. भीतीच्या वेळेलाच हसण्याची वेळ करून टाकण्याची ही खोड आपल्यापुरती नाही. अमेरिकेतील चित्रपटवाल्यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात याच खोडीवर चित्रपटांचा एक अख्खा प्रकार उभा केला. भुताटकीच्या घरातील त्या विनोदी चित्रपटांचा मी जुना भक्त आहे. त्यातले काही मी इतक्यांदा पाहिले आहेत, की कोणत्या भिंतीतून कधी हात बाहेर येणार हे मला पाठ आहे. तरी हात आला की मी दचकतोच!

साहित्य ठरलेले असते. वादळी रात्र, गावाबाहेरचा जुना वाडा, मालवणारे दिवे, कोणा विक्षिप्त धनिकाचे मृत्युपत्र, ते ऐकायला जमलेले आप्त, काळ्या पोशाखातील करड्या चेहऱ्याची कारभारीण आणि या सगळ्यात सापडलेला एक भित्रा, पण मनाने चांगला गृहस्थ. हा सारा संसार सिनेमाने रंगभूमीवरून उचलला. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर १९१३ साली ‘द घोस्ट ब्रेकर’ आले, त्याच साली ‘सेव्हन कीज टू बाल्डपेट’, १९२० साली ‘द बॅट’ आणि १९२२ साली जॉन विलर्डचे ‘द कॅट अँड द कॅनरी’. एकच दिवाणखाना, एकच रात्र, आणि सरकत्या फळ्या बसवून देणारा एखादा कसबी सुतार, एवढ्यावर नाटक उभे राहत असे. नाटक कंपनीच्या मालकाला याहून स्वस्त भूत कुठे मिळणार?

गंमत अशी, की या चित्रपटांत भूत बहुधा नसतेच. शेवटी पांढऱ्या चादरीखालून निघतो तो कुणीतरी चुलता, नाही तर मामेभाऊ, नाही तर खोट्या नोटा छापणारा भामटा. आपल्याकडे पुरलेल्या धनावर समंध बसतो असे म्हणतात. तिकडचा समंध जिवंतपणीच बसलेला असतो, एवढाच फरक. माझ्या मते या चित्रपटांच्या टिकाऊपणाचे मर्म इथेच आहे. भुतावर विश्वास असो वा नसो, मृत्युपत्र वाचायच्या वेळी आप्तांचे चेहरे कसे बदलतात हे जगात सगळ्यांनाच ठाऊक असते.

हॅरोल्ड लॉइडचा १९२० सालचा ‘हाँटेड स्पूक्स’ घ्या. नवऱ्यासह वर्षभर त्या वाड्यात राहिली तर इस्टेट तिची, नाही तर चुलत्याची. तेव्हा भुते कोण उठवणार हे सांगायला नको. हा चित्रपट तयार होत असताना, ऑगस्ट १९१९ मध्ये, जाहिरातीच्या छायाचित्रासाठी लॉइडने एक नकली बाँब हातात धरला. तो नकली नव्हता. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि त्याशेजारचे बोट गेले. काही महिन्यांनी त्याने हातमोज्याच्या आत खोटी बोटे बसवून तोच विनोदी चित्रपट पुरा केला. पडद्यावरील खोट्या भीतीला हसताना या खऱ्या हाताची आठवण झाली, की माझे हसू क्षणभर अडखळते.

परंतु या प्रकाराला खरी प्रतिष्ठा दिली ती एका जर्मन माणसाने. पॉल लेनी हा मूळचा चित्रकार आणि नेपथ्यकार. १९२४ साली त्याने जर्मनीत ‘वॅक्सवर्क्स’ काढला आणि त्यानंतर युनिव्हर्सल कंपनीने त्याला अमेरिकेत आणले. त्याच्या हाती पहिलाच विषय पडला तो ‘द कॅट अँड द कॅनरी’चा, १९२७ साली. आरंभीच एक हात पडद्यावरची जळमटे पुसतो आणि खालून चित्रपटाचे नाव निघते. वाड्याचे मनोरे पाहता पाहता औषधांच्या बाटल्या होतात. बाटल्यांमध्ये म्हातारा सायरस वेस्ट बसलेला आणि भोवती प्रचंड मांजरे टपलेली. मांजरे म्हणजे नातेवाईक, हे सांगायला पाटीची गरज पडत नाही. मृत्यूनंतर वीस वर्षांनी, मध्यरात्री मृत्युपत्र उघडायचे. इस्टेट अॅनाबेलला मिळायची, पण ती शहाणी असल्याची खात्री पटली तरच. म्हणजे तिला वेडी ठरवले की पुढच्याचे फावते. लांबच लांब मार्गिकेत खिडक्यांचे पांढरे पडदे वाऱ्याने फुगतात, कारभारीण दिवा घेऊन येते, आणि मूकपट असूनही वाडा कुजबुजतो आहे असा भास होतो. लेनीने भीतीची थट्टा केली नाही. भीती खरी ठेवली आणि तिच्यात हसणारी माणसे सोडली. पुढील शेकडो नकलांना हेच जमले नाही. दातातून पसरलेल्या विषबाधेने १९२९ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी, तो वारला. १९३० साली निघालेली याच कथेची बोलपट आवृत्ती ‘द कॅट क्रीप्स’ आज हरवली आहे. भूत नसलेल्या कथेचेच भूत झाले म्हणायचे!

असेच भूत ‘द ओल्ड डार्क हाउस’चे व्हायचे होते. जे. बी. प्रीस्टलीच्या १९२७ सालच्या कादंबरीवरून जेम्स व्हेल याने १९३२ साली हा चित्रपट काढला. व्हेल पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होता आणि नाटके बसवण्याचे वेड त्याला त्या छावणीतच लागले. वेल्सच्या डोंगरात मुसळधार पाऊस, दरड कोसळलेली, आणि वाटसरू आसरा मागायला येतात तो एका चक्रम कुटुंबाच्या दारी. दार उघडतो तो मुका, दाढीवाला नोकर, म्हणजे बोरिस कार्लोफ. घरधनी होरेस फेम झालेला अर्नेस्ट थेसिजर पाहुण्यांना बटाटा वाढतो. केवळ बटाटा घ्या म्हणतो! पण त्या आर्जवात असे काही आहे, की हसू आणि शहारा एकाच वेळी यावा. माडीवर १०२ वर्षांचा बाप खाटेवर पडलेला. त्याचे काम करणाऱ्या नटाचे नाव श्रेयनामावलीत जॉन डजन असे आहे. प्रत्यक्षात त्या होत्या एल्स्पेथ डजन नावाच्या बाई. आणि सर्वांत वर कोंडलेला भाऊ, सॉल. तो खाली येतो तेव्हा इतका गरीब, केविलवाणा बोलतो की वाटते, शहाणा हाच आणि वेडे बाकीचे. मग त्याची नजर बदलते. तिथे सभागृहातील हसू ज्या वेगाने थांबते, त्या वेगाने थांबलेले हसू मी इतरत्र ऐकलेले नाही.

पुढे कादंबरीचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे गेले, १९६३ साली नवी आवृत्ती निघाली आणि जुना चित्रपट नाहीसाच झाला. व्हेलचा स्नेही आणि स्वतः दिग्दर्शक असलेला कर्टिस हॅरिंग्टन पाठपुरावा करीत राहिला, म्हणून १९६८ साली युनिव्हर्सलच्या कोठारात त्याची फीत सापडली. एका माणसाची चिकाटी नसती, तर तो बटाटा आपल्या ताटात कधीच पडला नसता.

१९३९ साली ‘द कॅट अँड द कॅनरी’ पुन्हा निघाला, बॉब होप आणि पॉलेट गॉडार्ड यांना घेऊन. यातील होप हा पात्र म्हणूनही नटच आहे; असल्या नाटकांत त्याने कामे केलेली, त्यामुळे आता काय होणार हे तो आधीच सांगतो आणि तरी थरथर कापतो. म्हणजे तो थेट आमच्यासारख्या प्रेक्षकांतलाच झाला. पुढच्याच वर्षी हीच जोडी ‘द घोस्ट ब्रेकर्स’मध्ये क्यूबाच्या किल्ल्यात गेली. हा चित्रपट मला फार आवडतो, आणि यातच माझी एक ठसठस आहे. होपचा नोकर अॅलेक्स झालेला विली बेस्ट हा कृष्णवर्णीय नट अप्रतिम वेळ साधतो. होपच्या वाक्यावर त्याचा नुसता चेहरा भारी पडतो. पण त्या काळच्या चित्रपटांत गोऱ्या नायकाची भीती शेवटी शौर्यात बदलत असे आणि काळ्या नोकराची भीती ही त्याची जातच मानली जाई. याच नटाला आरंभीच्या चित्रपटांत ‘झोपा काढ आणि खा’ अशा अर्थाच्या टोपणनावाने झळकवले होते. १९६२ साली तो गेला. नातवंडांबरोबर हा चित्रपट पाहताना मी ही गोष्ट त्यांना सांगतो. रंगाचा थोडा बेरंग होतो, होऊ द्यावा.

१९४१ सालच्या ‘होल्ड दॅट घोस्ट’मध्ये अॅबट आणि कॉस्टेलो हे पेट्रोल पंपावरचे दोन नोकर एका गुंडाचे वारस होतात, मरतेवेळी जवळ असेल तो वारस, असे त्याचे मृत्युपत्र! मेजावरची मेणबत्ती आपोआप सरकते. कॉस्टेलो हाक मारू पाहतो, आवाज फुटत नाही. अॅबट येतो तर मेणबत्ती जागच्या जागी. बस्स, एवढेच. पण आमच्या घरातील पाच वर्षांची मुलगी आणि मी, दोघेही एकाच जागी लोळण घेतो.

ही वाट आपल्याकडेही आली. १९६५ साली मेहमूदने ‘भूत बंगला’ स्वतः दिग्दर्शित केला आणि संगीतकार राहुलदेव बर्मन यांना त्यात नट म्हणूनही उभे केले. मराठीत महेश कोठारे यांचा ‘पछाडलेला’ आला २००४ साली. त्यातील भुते मात्र अस्सल, माणसांच्या अंगात शिरणारी. आपल्या प्रेक्षकाला चादरीखालचा मामेभाऊ पुरत नसावा.

इतके लिहून झाल्यावर काल रात्री बस्टर किटनचा १९२१ सालचा ‘द हाँटेड हाउस’ पुन्हा लावला. बँकेतला कारकून, नोटांना चिकटलेला डिंक, खोट्या नोटांवाल्यांचा अड्डा, आणि तो प्रसिद्ध जिना. चढणारा मध्यावर आला की पायऱ्या मिटतात आणि घसरगुंडी होते. किटन पडतो, उठतो, पुन्हा चढू लागतो. चेहऱ्यावर सुरकुती नाही. मध्येच तो चौकातल्या पोलिसासारखा उभा राहून भुतांची रहदारीही सांभाळतो. शेवटी डोक्यावर तडाखा बसतो आणि तो स्वप्नात स्वर्गाचा जिना चढतो, एक एक पायरी, थेट दारापर्यंत. तिथे त्याला आत घेत नाहीत. आणि मग त्या एवढ्या लांब जिन्याच्याही पायऱ्या मिटतात.