ईश्वरी मार्गदर्शन (मराठी ख्रिस्ती परंपरा)

पुढचा रस्ता दिसत नसताना निर्णय देवापुढे ठेवणे, त्याच्याकडून वचन, खूण किंवा अंतर्यामीची खातरी मिळेपर्यंत वाट पाहणे आणि ती मिळाली की पाऊल उचलणे, ही ख्रिस्ती जीवनातील जुनी रीत आहे. मराठी मंडळ्यांत तिच्यासाठी ‘देवाची इच्छा शोधणे’, ‘वचन मिळणे’, ‘देवाने चालवणे’ असे शब्द रूढ आहेत. ही रीत बोलून दाखवायची जागा म्हणजे साक्ष. साक्ष मात्र नेहमी घडून गेल्यावर दिली जाते, आणि या विषयातली निम्मी गुंतागुंत तिथेच आहे. मागे वळून पाहणाऱ्याला सरळ दिसणारी वाट चालणाऱ्याला तशी दिसलेली नसते.

शास्त्राधार अनेक आहेत आणि ते एकाच सुरात बोलत नाहीत. अब्राहाम मुक्कामाचे नाव न कळताच घर सोडतो. गिदोन मात्र खळ्यात लोकर ठेवून देवाकडे खूण मागतो, आणि एकदा मिळूनही पुन्हा मागतो. यहूदाच्या रिकाम्या जागी माणूस निवडायला प्रेषित चिठ्ठ्या टाकतात. पौलाला तर आधी दोन प्रांतांची दारे बंद होतात आणि मग त्रोवसला रात्री मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टांत होतो. कोकणात गुरवाकडून कौल लावून घेणाऱ्या समाजातून आलेल्या पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती माणसाला गिदोनची लोकर परकी वाटली नसेल.

मराठीतले सर्वांत गाजलेले उदाहरण एका रेल्वेप्रवासात घडले. नागपूर–तुमसर–तिरोडा–गोंदिया–डोंगरगड–राजनांदगाव हा तो मार्ग. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. वय तिशीच्या पुढे, कवी म्हणून थोडे नाव, संस्कृतचा व्यासंग, मात्र एका जागी टिकून बसण्याची सवय नाही. बैरागी महंतांच्या त्या संस्थानात काम मिळेल, एवढाच भरवसा होता. डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला. काव्यावरून गप्पा सुरू झाल्या, धर्मावर आल्या आणि उतरण्यापूर्वी त्याने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांना ते पटले नाही. पुस्तक वाचण्याचे कबूल केले होते म्हणून त्यांनी वाचायला घेतले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले.

पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. भाकीत जवळजवळ तारखेनिशी खरे ठरल्यामुळे ही कथा साक्षींत पुन्हा पुन्हा येते. पण तिचा जास्त मोलाचा भाग मधल्या दोन वर्षांत आहे. त्या काळात टिळकांनी नाव उघड न करता मिशनच्या लोकांशी पत्रव्यवहार केला, शंका विचारल्या, उत्तरे तपासली. त्यांच्याशी पत्राने बोलणारे अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अॅबट पुढे मराठी संतचरित्रांचे इंग्रजी भाषांतरकार म्हणून ओळखले गेले. बाप्तिस्मा गोऱ्या मिशनऱ्याकडून न घेता मराठी पाळकाच्या हातून घ्यायचा, हेही टिळकांनीच ठरवले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते पुढे सांगत. रेल्वेतली भेट ही त्या पुलाची शेवटची फळी होती. आधीच्या फळ्या देहूच्या होत्या.

एकाला मिळालेल्या मार्गदर्शनाची किंमत बहुधा दुसरे कोणी मोजते. इथे ती टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मोजली. नवरा बाटला ही बातमी त्यांच्यावर कोसळली. लहान मुलगा दत्तू याला घेऊन त्या काही वर्षे नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. पुन्हा टिळकांकडे आल्या त्याही आपला धर्म, सोवळे आणि वेगळी चूल घेऊनच. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ (चार भाग, १९३४–३६) हे या काळाचे मराठीतले सर्वांत प्रामाणिक दप्तर आहे, कारण लिहिणारी बाई स्वतःलाही सोडत नाही आणि संतत्वाला निघालेल्या नवऱ्यालाही. तिचा स्वतःचा निर्णय गाडीत मिळालेल्या पुस्तकाने झाला नाही, दृष्टांतानेही नाही. जातीचे भेद देवाने केले की माणसाने, हा प्रश्न तिला शिवाशिवीच्या रोजच्या त्रासातून पडला. ते माणसाने केले, असे एके दिवशी मनात लख्ख झाले आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे खायचे तिने ठरवले. बाप्तिस्मा १९०० साली राहुरीस झाला. शोधणाऱ्याला उत्तर प्रार्थनेच्या खोलीतच मिळते, असे मानणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचावा.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण जवळजवळ उलट टोकाचे आहे. तिथे व्यक्तीचा निर्णय आहेच, पण पुढे शेकडो तोंडांचा प्रश्न येतो. १८७० च्या दशकातील मद्रास इलाख्याच्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. त्या काळात कुटुंबाने केलेली व्रते, दाने आणि देवाच्या उत्तराची पाहिलेली वाट त्यांनी पुढे लिहून ठेवली आहे. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा, १८८९ साली मुंबईत विधवा-मुलींसाठी शारदा सदन, पुढच्या वर्षी ते पुण्यात. बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या मदतीची हमी घेतली होती. ती मुदत संपत आली तेव्हा पुढे काय, हा प्रश्न अगदी रोकडा होता. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांनी कोणाकडे पैसे न मागता केवळ प्रार्थनेवर अनाथालये चालवली. त्यांचे आणि चीनमधील हडसन टेलर यांचे वृत्तांत रमाबाईंनी वाचले होते. हिंदुस्थानात असा भरवसा ठेवता येईल का, असा त्यांचा सवाल होता.

१८९६ साली लोणावळ्याच्या शिबिरात त्यांच्याबरोबर पंधरा मुली होत्या. या संख्येचा वर्ग व्हावा, म्हणजे २२५ व्हाव्यात, अशी प्रार्थना त्यांनी केली. प्रार्थनेत गणित आणणारी ही बाई पुढच्याच हंगामात खऱ्या आकड्यांपुढे उभी राहिली. मध्य प्रांतात दुष्काळ पडला होता. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, सरकारी दरिद्रगृहांची अवस्था पाहिली आणि तिथून मुलींना घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध आले, म्हणून त्यांची सोय केडगावला आधी घेतलेल्या शेतजमिनीवर झाली. पुढे तिथेच मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती सुमारे दोन हजारांवर गेली.

ही सारी व्यवस्था केवळ गुडघ्यांवर बसून चालली, असे समजणे रमाबाईंवर अन्याय ठरेल. केडगावला विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, विणकाम आणि छापखाना चालला. ‘मुक्ती प्रेअर बेल’ नावाचे वार्तापत्रही निघे. त्यात कामाची हकीकत आणि प्रार्थनेचे विषय असत. मागायचे नाही पण कळवायचे, अशी ही बारीक रेघ होती. म्यूलरही वार्षिक अहवाल छापत. टीकाकारांना यात चतुराई दिसते. भाविकांना त्यात पारदर्शकता दिसते, आणि दोन्ही बाजूंकडे थोडा दम आहे.

मग मिळालेले मार्गदर्शन देवाचे की आपल्याच इच्छेचे, हे ओळखायचे कसे? मंडळ्यांतील प्रघात असा की एका खुणेवर निर्णय घेऊ नये. मनात उठलेली गोष्ट पवित्र शास्त्राशी जुळते का, हे पाहिले जाते. जाणत्यांचा आणि पाळकाचा सल्ला घेतला जातो. वाट उघडते की नाही, याची वाट पाहिली जाते, आणि अस्वस्थता टिकली तर थांबले जाते. कॅथलिक परंपरेत, विशेषतः संत इग्नाशियसच्या आध्यात्मिक साधनेत, याच पारखीला शिस्तबद्ध रूप मिळाले. नागझिऱ्याच्या जंगलात वाघ शोधणारे गाईड जिप्सी बंद करून कान देतात तेव्हा काहीसे हेच करतात. एकट्या मोराच्या ओरडण्यावर गाडी वळत नाही. चितळ आणि वानर एकाच दिशेला पाहून इशारा देऊ लागले आणि वाटेवर ताजा माग दिसला, की मग निघायचे. तरीही वाघ दिसेलच असे नाही.

साक्षींत सहसा न येणारे प्रकरण टिळकांच्या अखेरच्या वर्षांचे आहे. १९१७ साली त्यांनी मिशनच्या वेतनाचा आधार सोडला, संन्यास पत्करला आणि ‘देवाचा दरबार’ हे नवे बंधुमंडळ मांडले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. ही हाक देवाची आहे, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. जवळच्या अनेकांच्या मनात होती. दोन वर्षे पुरी होण्याआधी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले आणि दरबाराचे काम त्यांच्यामागे फार पुढे गेले नाही. त्यांची पदे मात्र मराठी मंडळ्यांच्या उपासनेत आजही गायली जातात.