तळटीप : खेजडी

१२. खेजडी : शास्त्रीय नाव प्रोसोपिस सिनेरारिया, दसऱ्याला पूजतात ती शमी हीच. थरच्या वाळवंटासह गुजरात, हरियाणा, पंजाबचा कोरडा पट्टा आणि पश्चिमेस सिंध, इराण ते ओमान, संयुक्त अरब अमिरातींपर्यंत हा वृक्ष निसर्गतः वाढतो. सोटमूळ फार खोल जात असल्याने ऐन उन्हाळ्यातही त्याला नवी पालवी फुटते. त्याच्या सावलीत जमीन कसदार राहते व बाजरी जोमाने येते; म्हणून मारवाडातले शेतकरी तो भरशेतात राखतात. पाला जनावरांना, कोवळ्या शेंगांची (सांगरी) भाजी माणसांना. १९८३ पासून राजस्थानचा राज्यवृक्ष. लेखकाने पुढे उल्लेखिलेली वेडी बाभूळ याच कुळातली, पण अमेरिका खंडातून आणलेली. दोहोंची गल्लत करू नये. — संपा.