ट्रबल्ड टीन इंडस्ट्री

ट्रबल्ड टीन इंडस्ट्री (शब्दशः अर्थ : 'बिघडलेल्या किशोरांचा उद्योग') ही संज्ञा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील खासगी निवासी संस्थांना उद्देशून वापरली जाते. वर्तनसमस्या, व्यसन, मानसिक आजार किंवा आज्ञाभंग या कारणांवरून किशोरवयीन मुलामुलींना या संस्थांत ठेवले जाते. निवासी उपचारकेंद्रे, 'थेरप्युटिक' वसतिशाळा, रानावनातील शिबिरे, लष्करी धर्तीची बूट कॅम्प आणि धार्मिक सुधारगृहे यांचा त्यात समावेश होतो. संज्ञा टीकाकारांनी व माजी विद्यार्थ्यांनी रूढ केली असून संस्था स्वतःसाठी ती वापरत नाहीत. मारहाण, दीर्घकाळ एकांतवास, अन्न व झोप तोडणे, वैद्यकीय हेळसांड आणि बाहेरच्या जगाशी संपर्क बंद करणे असे आरोप या क्षेत्रावर १९७० च्या दशकापासून होत आले आहेत. त्यांपैकी अनेक आरोपांना न्यायालये व सरकारी चौकश्यांनी दुजोरा दिला आहे.

उगम

या संस्थांच्या बहुतेक पद्धतींचे मूळ सिनॅनॉन या संघटनेत सापडते. चार्ल्स डीडरिक याने इ.स. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथे हेरॉइनच्या व्यसनींसाठी ती सुरू केली. 'द गेम' हा तिचा मुख्य उपचार होता. सदस्य गोल करून बसत आणि त्यांतील एकावर इतर सर्व जण तासन्‌तास शाब्दिक हल्ला चढवत. माणसाचा अहंकार मोडला की तो नव्याने घडवता येतो, असा त्यामागचा विचार होता. या उपचाराचा परिणाम शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेला नव्हता, तरीही न्यायालयांनी काही बालगुन्हेगारांना तेथे पाठवले. पुढे सिनॅनॉनचे रूपांतर एका बंदिस्त पंथात झाले. इ.स. १९७८ मध्ये संघटनेविरुद्ध खटले लढवणारे वकील पॉल मोरँट्झ यांच्या टपालपेटीत तिच्या सदस्यांनी खुळखुळ्या साप (रॅटलस्नेक) ठेवला व तो मोरँट्झ यांना चावला. ते बचावले. डीडरिकने इ.स. १९८० मध्ये न्यायालयात आरोपांना आव्हान दिले नाही. संघटना इ.स. १९९१ मध्ये विसर्जित झाली.

तिच्या पद्धती मात्र आधीच अन्यत्र पसरल्या होत्या. मेल वॉसरमन यांनी इ.स. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन केलेल्या सीडू या शाळेत 'द गेम'ची जागा 'रॅप' या सामूहिक बैठकांनी घेतली. मेन राज्यातील पोलंड या गावी इ.स. १९७० मध्ये एलान स्कूल सुरू झाले. तेथील 'रिंग' ही शिक्षा विशेष कुप्रसिद्ध आहे. दोषी ठरवलेल्या मुलाला मुष्टियुद्धाचे हातमोजे घालून एकामागून एक ताज्या दमाच्या मुलांशी लढावे लागे आणि तो पराभूत होईपर्यंत लढत थांबत नसे. एलान इ.स. २०११ पर्यंत चालू होते.

द सीड आणि स्ट्रेट

फ्लोरिडातील फोर्ट लॉडरडेल येथे इ.स. १९७० मध्ये आर्ट बार्कर यांनी सुरू केलेल्या द सीड या कार्यक्रमाला केंद्र सरकारचा निधी मिळत होता. सिनेटर सॅम अर्विन यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने इ.स. १९७४ च्या अहवालात द सीडच्या पद्धतींची तुलना १९५० च्या दशकाच्या आरंभी उत्तर कोरियाने वापरलेल्या विचारपालटाच्या तंत्रांशी केली. एखाद्या सरकारी समितीने मुलांच्या संस्थेविषयी इतके कठोर विधान केल्यावर हा प्रकार थांबेल अशी अपेक्षा होती. दोनच वर्षांनी, इ.स. १९७६ मध्ये, फ्लोरिडातीलच सेंट पीटर्सबर्ग येथे मेल सेम्बलर व जोसेफ झपाला यांनी जवळपास तोच नमुना घेऊन स्ट्रेट ही संस्था उभी केली.

स्ट्रेटमध्ये मुले दिवसभर रांगांनी मांडलेल्या खुर्च्यांवर बसत. बोलण्याची परवानगी मिळावी म्हणून त्यांना हात जोरजोराने हवेत फडकवावे लागत. नवीन आलेल्या मुलाच्या पँटचा मागचा पट्टा धरून जुना मुलगा त्याला सर्वत्र नेत असे, अगदी शौचालयातही. रात्री नवीन मुलांना जुन्या मुलांच्या घरी, बंद खोलीत झोपवले जाई. अशा रीतीने एका मुलाचा पहारेकरी दुसरा मुलगा आणि त्याचे पालक होत. संस्थेला पगारी पहारेकऱ्यांची गरज कमी पडे, आणि छळात सहभागी झालेल्या मुलाला नंतर त्याविरुद्ध बोलणेही अवघड जाई. भावाला भेटायला आलेल्या एका महाविद्यालयीन तरुणाला स्ट्रेटने अडकवून ठेवले होते. बेकायदा डांबून ठेवल्याबद्दल ज्युरीने इ.स. १९८३ मध्ये त्याला २,२०,००० डॉलर भरपाई मंजूर केली. तरीही अमली पदार्थविरोधी मोहिमेच्या त्या काळात संस्थेची प्रतिष्ठा टिकून राहिली. इ.स. १९८५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन आणि ब्रिटनच्या राजकन्या डायना यांनी तिच्या व्हर्जिनियातील केंद्राला भेट दिली. खटले व परवान्यांच्या अडचणींनंतर स्ट्रेट इ.स. १९९३ मध्ये बंद झाली. सेम्बलर पुढे ऑस्ट्रेलिया व इटली येथे अमेरिकेचे राजदूत झाले.

कार्यपद्धती

संस्थांचे प्रकार वेगवेगळे असले, तरी माजी विद्यार्थ्यांच्या कथनांत काही गोष्टी सातत्याने आढळतात.

अनेक मुलांची सुरुवात रात्रीच्या अंधारात होते. पालकांनी पैसे देऊन बोलावलेले दोन-तीन धिप्पाड अनोळखी इसम पहाटे मुलाच्या खोलीत शिरतात, त्याला उठवतात आणि गाडीत बसवून दुसऱ्या राज्यात नेतात. विरोध केल्यास हातकड्याही वापरल्या जातात. व्यवसायाच्या भाषेत ही 'एस्कॉर्ट सेवा' आहे. मुले तिला 'गूनिंग' म्हणतात. पालकांची लेखी संमती असल्याने पोलीस याला सहसा अपहरण मानत नाहीत.

आत गेल्यावर मुलाची 'पातळी' ठरते. सर्वांत खालच्या पातळीवर बोलणे, खिडकीबाहेर पाहणे, बूट घालणे, घरी फोन करणे यांपैकी काहीही परवानगीशिवाय करता येत नाही. गुण मिळवून वर चढता येते व एका चुकीने सारे गुण जाऊ शकतात. मुक्कामाची मुदत बहुधा आधी ठरलेली नसते. सुटका केव्हा होईल हे संस्था ठरवते, आणि शुल्कही तीच घेते.

पत्रे वाचून मगच पाठवली जातात. फोनवर कर्मचारी ऐकत असतो व तक्रारीचा शब्द निघताच संभाषण तोडले जाते. पालकांना प्रवेशाच्या वेळीच सांगून ठेवलेले असते की मूल घरी येण्यासाठी खोटे बोलेल, उपाशी ठेवतात, मारतात असे सांगेल, त्यावर विश्वास ठेवू नये. संपूर्ण व्यवस्थेचा हा सर्वांत परिणामकारक भाग म्हणावा लागेल, कारण खरी तक्रारसुद्धा मुलाच्या बिघडलेपणाचा पुरावा ठरते. रानातील शिबिरांत झालेल्या काही मृत्यूंमध्ये हीच धारणा कर्मचाऱ्यांच्या ठायीही दिसते.

शारीरिक बळाचा वापर 'आवरणे' या नावाखाली होतो. मुलाला पालथे पाडून अनेक प्रौढ त्याच्या अंगावर भार टाकतात. मिशिगनमधील कॅलमझू येथील एका निवासी केंद्रात एप्रिल २०२० मध्ये १६ वर्षांच्या मुलाने जेवणाच्या खोलीत सँडविच फेकले. कर्मचाऱ्यांनी त्याला जमिनीवर दाबून धरले आणि दोन दिवसांनी तो रुग्णालयात मरण पावला. शवविच्छेदनात हा मृत्यू मनुष्यवध ठरला व कर्मचाऱ्यांवर खटले भरले गेले.

रानातील शिबिरे

यूटा, ॲरिझोना, आयडाहो अशा विरळ वस्तीच्या राज्यांत मुलांना आठवडेच्या आठवडे पायी हिंडवणारी शिबिरे १९८० च्या दशकात वाढली. कष्ट आणि निसर्ग यांतून स्वावलंबन येते, हे त्यांचे तत्त्व होते. मे व जून १९९० मध्ये दोन वेगवेगळ्या शिबिरांत दोन किशोरवयीन मुली उष्णता व पाण्याअभावी मरण पावल्या. इ.स. १९९४ मध्ये यूटातील एस्कलांटे परिसरात १६ वर्षांचा एक मुलगा आतड्यालगतच्या व्रणाला छिद्र पडून दगावला. मृत्यूपूर्वी अनेक दिवस तो पोटदुखीची तक्रार करत होता, झपाट्याने खंगत होता, आणि तो सोंग करतो असे कर्मचारी समजत होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये उत्तर कॅरोलिनातील ट्रेल्स कॅरोलिना या शिबिरात १२ वर्षांचा मुलगा दाखल झाल्यापासून २४ तासांच्या आत गुदमरून मरण पावला. राज्याने त्याच वर्षी शिबिराचा परवाना रद्द केला.

परदेशातील केंद्रे

राज्यांचे नियम चुकवण्यासाठी काही संस्थांनी केंद्रे देशाबाहेर नेली. यूटामधील रॉबर्ट लिचफिल्ड यांच्याशी संबंधित वर्ल्ड वाइड असोसिएशन ऑफ स्पेशॅलिटी प्रोग्रॅम्स अँड स्कूल्स (वॉस्प) ही त्यांतील सर्वांत मोठी साखळी होती. जमैकातील ट्रँक्विलिटी बे (१९९७–२००९) या तिच्या केंद्रात शिक्षा झालेल्या मुलाला जमिनीकडे तोंड करून दिवसचे दिवस पालथे पडून राहावे लागे. त्याचे वार्षिक शुल्क २५,००० ते ४०,००० डॉलर होते. या साखळीतील चेक प्रजासत्ताकातील केंद्र इ.स. १९९८ मध्ये, कोस्टा रिकातील इ.स. २००३ मध्ये आणि मेक्सिकोतील कासा बाय द सी इ.स. २००४ मध्ये तेथील अधिकाऱ्यांच्या कारवाईनंतर बंद पडले. अमेरिकी मुलांच्या रक्षणासाठी परक्या देशांचे पोलीस पुढे आले, मात्र घरच्या सरकारला त्यात हात घालण्याचा अधिकार स्पष्ट नव्हता, ही विसंगती त्या वेळी बरीच चर्चिली गेली. न्यूयॉर्क राज्यातील अकॅडमी ॲट आयव्ही रिज हे याच साखळीतील केंद्र मान्यता नसताना पदविका देत असल्याचे तेथील महाधिवक्त्यांच्या चौकशीत उघड झाले.

कायदेशीर स्थिती

मुलाला कोठे ठेवावे हे ठरवण्याचा पालकांचा अधिकार अमेरिकी कायद्यात अतिशय व्यापक आहे. पारहॅम वि. जे. आर. (१९७९) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की अल्पवयीन मुलाला मनोरुग्णालयात दाखल करण्यापूर्वी स्वतंत्र न्यायालयीन सुनावणी आवश्यक नाही. तटस्थ वैद्यकीय परीक्षण पुरेसे आहे. खासगी वसतिशाळांच्या बाबतीत अनेकदा तेवढेही होत नाही. गुन्हा करून सरकारी बालसुधारगृहात गेलेल्या मुलाला वकील व ठरावीक मुदत मिळते, तर कोणताही गुन्हा न केलेल्या मुलाला यांपैकी काही मिळेलच असे नाही. बालहक्क संहितेला मान्यता न देणारा अमेरिका हा संयुक्त राष्ट्रांचा एकमेव सदस्य देश आहे.

परवाने राज्ये देतात आणि प्रत्येक राज्याचे नियम निराळे असतात. स्वतःला रुग्णालय न म्हणता शाळा म्हणवणारी, किंवा शाळा न म्हणता धार्मिक सेवाकार्य म्हणवणारी संस्था अनेक ठिकाणी तपासणीतून सुटते. मिसूरीत धार्मिक सुधारगृहांना इ.स. २०२१ पर्यंत परवान्यातून पूर्ण सूट होती. त्या वर्षीच्या कायद्याने कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणे सक्तीचे केले. तेथील अगापे बोर्डिंग स्कूल जानेवारी २०२३ मध्ये बंद झाले.

न्यायालयांनी हस्तक्षेप केल्याची उदाहरणेही आहेत. मिलोनास वि. विल्यम्स (१९८२) या खटल्यात केंद्रीय अपील न्यायालयाने यूटातील प्रोव्हो कॅनियन स्कूलला मुलांवर खोटे पकडण्याचे यंत्र वापरणे, पत्रे तपासणे, एकांतकोठडीत ठेवणे व अवाजवी बळ वापरणे यांस मनाई करणारा आदेश कायम ठेवला.

चौकश्या व कायदे

अमेरिकी संसदेच्या गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस (गाओ) या संस्थेने ऑक्टोबर २००७ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे अहवाल मांडला. १९९० ते २००७ या काळात छळाचे हजारो आरोप झाल्याचे त्यात नमूद होते. केवळ इ.स. २००५ मध्ये ३३ राज्यांनी १,६१९ कर्मचारी छळाच्या घटनांत गुंतल्याची नोंद केली होती. दहा मृत्यूंचा सविस्तर अभ्यास करून अप्रशिक्षित कर्मचारी, अपुरे अन्न आणि निष्काळजी व्यवस्थापन ही कारणे दाखवण्यात आली. इ.स. २००८ मध्ये गाओच्या अधिकाऱ्यांनी काल्पनिक पालक बनून संस्थांना फोन केले. एका 'मार्गदर्शन सेवे'ने वेगवेगळी पार्श्वभूमी सांगणाऱ्या पालकांना एकाच शिबिराचे नाव सुचवले, आणि ते शिबिर सेवाचालकाच्याच जोडीदाराचे निघाले. खासदार जॉर्ज मिलर यांचे या विषयावरील विधेयक प्रतिनिधिगृहात मंजूर झाले, पण सिनेटमध्ये अडकले.

पुढे बारा-तेरा वर्षे विषय मागे पडला. सप्टेंबर २०२० मध्ये प्रदर्शित झालेल्या माहितीपटात उद्योजिका पॅरिस हिल्टन यांनी किशोरवयात प्रोव्हो कॅनियन स्कूलमध्ये आपला छळ झाल्याचे सांगितले. इ.स. २००० मध्ये मालकी बदलल्याने त्याआधीच्या घटनांवर भाष्य करता येणार नाही, अशी भूमिका शाळेने घेतली. हिल्टन यांची साक्ष झाल्यानंतर यूटाने इ.स. २०२१ मध्ये वर्षातून चार तपासण्या, आवरण्याच्या व एकांतवासाच्या प्रत्येक घटनेची नोंद आणि कुटुंबाशी दर आठवड्याला खासगी संभाषण सक्तीचे केले. जून २०२४ मध्ये सिनेटच्या वित्त समितीने चार मोठ्या कंपन्यांच्या केंद्रांवरील अहवाल प्रसिद्ध केला. या केंद्रांतील अनेक मुले सरकारी संगोपनाखालील होती व त्यांचा खर्च सार्वजनिक निधीतून होत होता, हे त्यातून पुढे आले. श्रीमंतांच्या हट्टी मुलांचा हा प्रश्न आहे, हा लोकप्रिय समज त्यामुळे टिकत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये 'स्टॉप इन्स्टिट्यूशनल चाइल्ड अब्यूज ॲक्ट'वर राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी स्वाक्षरी केली. या कायद्याने नॅशनल अकॅडमीजकडून निवासी संस्थांचा राष्ट्रीय अभ्यास करून शिफारशी मागवण्याची तरतूद केली. त्यात कोणत्याही विशिष्ट पद्धतीवर बंदी नाही व परवान्यांचे अधिकार राज्यांकडेच आहेत.

समर्थकांची बाजू

संस्थाचालकांच्या मते टोकाच्या घटना मोजक्या असून आत्महत्येचा किंवा व्यसनाचा धोका असलेल्या मुलांसाठी निवासी उपचार कधी कधी अटळ असतात. आपले प्राण अशा संस्थेमुळे वाचले असे सांगणारे माजी विद्यार्थीही आहेत. पालकांची असहायताही खरी असते. स्थानिक बालमानसोपचार महाग किंवा अनुपलब्ध असल्याने थकलेले कुटुंब शेवटचा उपाय म्हणून, काही वेळा घर गहाण ठेवून, मुलाला पाठवते. पत्रकार माया सालाविट्झ यांनी 'हेल्प ॲट एनी कॉस्ट' (२००६) या पुस्तकात या असहायतेचा बाजार कसा मांडला जातो हे दाखवले असून, कठोर व अपमानकारक उपचार परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा नसल्याचे म्हटले आहे.

प्रसारमाध्यमांत

एलानमधील अनुभवांवर 'जो व्हर्सेस एलान स्कूल' ही चित्रमालिका प्रसिद्ध झाली आहे. आयव्ही रिजच्या माजी विद्यार्थिनी कॅथरीन कुबलर यांनी दिग्दर्शित केलेली 'द प्रोग्रॅम' ही माहितीपट मालिका मार्च २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. तिच्यात माजी विद्यार्थी शाळेच्या ओसाड इमारतीत परत जातात आणि तेथे मागे राहिलेल्या स्वतःच्याच नोंदींच्या फायली उघडून वाचतात.